स्टिअरिंगवर निवांत हात : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

दर आठवड्याला मला एक लांबचा पल्ला असतो. जाताना दीड तास, येताना दीड तास. रस्ता रुंद, बहुतेक सरळ, गर्दी फारशी नाही. गाडी चालवायला मला मनापासून आवडतं. पण गेले काही महिने तासाभरात खिडकीकडच्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, आणि उतरेपर्यंत मान धरलेली असते. घाई नाही, गर्दी नाही, चाकही हलकं, तरी हात थकतात. मी ते कुठेतरी चुकीचे ठेवते आहे. कुठे, ते शोधण्यासाठी ही वही.

ताई शेजारी बसून नोंदी करायला तयार झाली. अट तिनेच घातली: "चालवताना तू फक्त चालवायचंस. हातांकडे बघायचं काम माझं."

आणखी काही नियम आजच ठरवले. प्रयोग फक्त मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, दिवसाउजेडी आणि एका वेगात जाताना. गर्दी वाढली, वळणं सुरू झाली किंवा दोघींपैकी कुणालाही शंका आली की प्रयोग तिथेच थांबवायचा.

जागा सांगायला घड्याळाची भाषा: चाक म्हणजे तबकडी, वर बारा, खाली सहा. रिमच्या आतल्या कडेला, बोटं लागणार नाहीत अशा जागी, प्रत्येक तासाला रंगीत टिकली लावली. मधल्या झाकणावर काहीही चिकटवलं नाही, कारण त्याच्या आत एअरबॅग आहे. चाकाचा व्यास ३७ सेंटीमीटर भरला, म्हणजे परीघ ११६. घड्याळाचा एक तास म्हणजे रिमवर ९.७ सेंटीमीटर.

१८ जानेवारी

पहिला दिवस नुसता पाहणीचा. ताईने मला सांगितलं होतं, "नेहमीसारखी चालव, काही सुधारू नकोस." दर पाच मिनिटांनी एक नोंद, दीड तासात १८.

मी दहा-दोनवर हात ठेवून चालवते, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. शिकताना तसंच शिकले. वहीत वेगळंच निघालं. दोन्ही हात दहा-दोनवर फक्त २ वेळा, तेही पहिल्या दहा मिनिटांत. खिडकीच्या कडेवर कोपर टेकवून तोच हात रिमच्या वरच्या भागावर आणि दुसरा हात गिअरपाशी, असं ९ वेळा. एकच हात बारावर, मनगट रिमवरून लोंबतंय, असं ४ वेळा. दोन्ही हात खाली मांडीजवळ ३ वेळा.

बोटांना मुंग्या ५५व्या मिनिटाला आल्या.

ताईने शेवटी एक ओळ स्वतःहून लिहिली होती: "मोठं वाहन जवळून गेलं की दोन्ही हात लगेच वर येतात." म्हणजे माझ्या हातांना धोक्याच्या वेळची जागा माहीत आहे. विसाव्याची जागा मात्र त्यांना कुणी शिकवलेली नाही. ती त्यांनी आपापली शोधली, आणि ती चुकली.

१९ जानेवारी

रात्रभर तोच विचार डोक्यात होता, म्हणून सकाळी वजनकाटा काढला.

खांद्यापासून बोटांपर्यंत माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतो. माझं वजन ५८ किलो. म्हणजे एकेक हात जवळजवळ २.९ किलोचा. हे वजन गाडीत दीड तास कुणीतरी धरून ठेवतं. खांदा धरेल, रिम धरेल, मांडी धरेल, खिडकीची कड धरेल, पण धरावं तर लागतंच. या प्रकल्पाचा खरा प्रश्न मला इथे सापडला असं वाटतं: हाताचं वजन कोण उचलतंय, आणि त्याला ते झेपतंय का?

टेबलावर वजनकाटा ठेवला, कोपर त्याच उंचीच्या पुस्तकावर टेकवलं आणि तळहात काट्यावर अगदी सैल सोडला. ६४० ग्रॅम. कोपराला टेकू असूनही नुसत्या पंजाकडून एवढा भार पडतो. चाकाची त्रिज्या १८.५ सेंटीमीटर धरली, तर हाच भार एका बाजूला नऊवर किंवा तीनवर पडल्यावर चाक फिरवणारा जोर सुमारे १.२ न्यूटन-मीटर येतो. चाक थोडं कललेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात काहीसा कमी. आकडा छोटा दिसतो. पण पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत सरळ रस्त्यावर लेनमध्ये राहण्यासाठी आपण जे बारीक बारीक जोर देतो, ते याच मापाचे असतात. थोडक्यात, एका बाजूला सैल सोडलेला एक हात गाडीला हळूहळू त्या बाजूला नेतो, आणि तोच हात नकळत ते सावरतही राहतो. वजनही त्याचं, ते तोलायचं कामही त्याचंच. विसावा मिळणार कसा?

बारावर किंवा सहावर भार मधल्या अक्षाच्या सरळ वर-खाली पडतो, म्हणून तिथे ठेवलेला एकटा हात चाक फिरवत नाही. त्या दोन जागा आरामाच्या का वाटतात, हे मला आज कळलं. आणि नऊ-तीनवर दोन्ही हात सारखे सैल ठेवले, तर दोन्ही बाजूंचे भार एकमेकांना तोलतात. तराजूच्या दोन पारड्यांसारखे.

२५ जानेवारी

आज संपूर्ण दहा-दोन, प्रामाणिकपणे.

पहिली वीस मिनिटं छान गेली. चाकावर हुकमत वाटते. मग खांदे कानांकडे चढायला लागले. "खांदे!" असं ताई तीन वेळा म्हणाली, तीनही वेळा मी ते खाली सोडले आणि तीनही वेळा ते परत वर गेले. चाळीस मिनिटांनी मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दोरीसारखा ताठ झाला. ज्या स्नायूला हालचाल न करता नुसतं आवळून राहावं लागतं, त्याच्यातून रक्त नीट फिरत नाही आणि तो लवकर शिणतो. हात इथे जवळजवळ हवेत असतो, आणि तो खांदाच उचलतो. दहावरून नऊवर यायचं तर पंजा रिमच्या सपाटीत सव्वानऊ सेंटीमीटर खाली येतो. खांद्यासाठी हा फरक मोठा आहे.

दहा-दोनला दोष द्यावासा मला वाटत नाही. मोटारींना आधी नावेच्या सुकाणूसारखा दांडा असे. गोल चाकाची सुरुवात सहसा १८९४च्या पॅरिस-रूआँ शर्यतीतल्या आल्फ्रेड व्हाशेरॉन यांच्या पानार गाडीपासून सांगतात. त्यानंतर अनेक दशकं चाक मोठं आणि जड होतं. ते खाली ओढायला अंगाचं वजन लावावं लागे, आणि त्यासाठी हात वर असणंच सोयीचं. पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आलं. तेव्हापासून हा जोर हळूहळू लागेनासा झाला, पण शिकवण्यातली जागा तीच राहिली.

दुसरं कारण एअरबॅगचं. ती २० ते ३० मिलिसेकंदांत फुगते. डोळ्याची पापणी लवायलाही १०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. त्या क्षणी हात किंवा मनगट तिच्या वाटेत असलं, तर तेच जोराने तोंडाकडे फेकलं जातं. अमेरिकेची एनएचटीएसए ही वाहन सुरक्षा संस्था म्हणूनच आता दहा-दोनऐवजी नऊ-तीन सांगते. बारावर मनगट लोंबवण्याची माझी सवय या हिशेबात सगळ्यात वाईट, कारण तेव्हा अख्खा हात झाकणासमोर आडवा असतो. ती आजपासून बंद. ती प्रयोगातही घेणार नाही.

१ फेब्रुवारी

आज गाडी हललीच नाही. तरी आतापर्यंतचा सगळ्यात उपयोगी दिवस.

माझी उंची ५ फूट १ इंच. पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून मी सीट पुढे घेते, आणि तिथेच सगळा हिशेब बिघडतो. ताईने मोजपट्टी धरली: छातीच्या मधल्या हाडापासून चाकाच्या मध्यापर्यंत २१ सेंटीमीटर. निदान २५ असावेत असं सांगतात. इतक्या जवळ बसल्यावर कोपरं इतकी दुमडतात की हात कुठेही ठेवले तरी खांद्यावरच ताण येतो. मी तीन आठवडे हातांची जागा शोधत होते, पण आधी बघायला हवी होती सीट.

क्रम असा ठेवला. आधी पाय: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट मागे. मग उंची: सीट वर घेतली, त्यामुळे पाय खाली सरळ पडू लागले आणि आणखी दोन बोटं मागे जाता आलं. मग सीटची पाठ: मी ती फार मागे कलवलेली ठेवत असे आणि पुढे झुकून चालवत असे, म्हणजे ती पाठीला टेकतच नव्हती. ती उभी करून जवळ आणली. शेवटी चाक. माझ्या गाडीत ते वर-खाली होतं आणि पुढे-मागेही. हा दुसरा खटका मी गाडी घेतल्यापासून कधी हलवलाच नव्हता.

मग मनगटाची चाचणी. पाठ आणि खांदे सीटला टेकलेले, एक हात समोर सरळ. रिमच्या माथ्यावर मनगट टेकायला हवं. बोटंच टेकत असतील तर चाक लांब, मनगटाच्या मागचा, कोपराकडचा हात टेकत असेल तर जवळ. तीन-चार वेळा मागेपुढे करून जमलं. पुन्हा मोजलं: २७ सेंटीमीटर. नऊ-तीनवर हात ठेवल्यावर कोपर काटकोनापेक्षा चांगलंच उघडलेलं, अंदाजे १२० अंश, आणि पंजे खांद्यांच्या बरेच खाली.

ताई म्हणाली, "आता तू गाडीत बसल्यासारखी दिसतेस. आधी चाकाला लटकल्यासारखी दिसायचीस."

८ फेब्रुवारी

नवी बैठक, नऊ-तीन. दीड तास.

स्पोक, म्हणजे मधल्या झाकणापासून रिमपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या, नेमके नऊ आणि तीनवर आहेत. तळहाताची अंगठ्याकडची गादी स्पोकच्या वरच्या बाजूला अलगद टेकते आणि हाताचा बराचसा भार तिथे विसावतो. बोटं रिमच्या मागे नुसती वळलेली. आवळायची गरजच पडत नाही. एका तासाला खांदे जागेवर, मान मोकळी. ताईच्या १८ नोंदींपैकी १४ नऊ-तीनच्या. ४ वेळा गिअर, इंडिकेटर किंवा पाणी.

आणि एक अनपेक्षित गोष्ट कळली. दोन्ही हात सारखे सैल असताना चाक सतत किंचित खिडकीच्या बाजूला जायला बघत होतं. आधी वाटलं रस्त्याचा उतार असेल, पण उलट दिशेने येतानाही तेच. उतरल्यावर हवा मोजली. पुढच्या दोन टायरांपैकी एकात ३३ पीएसआय, खिडकीकडच्यात २६. कमी हवेचं टायर जड फिरतं आणि गाडीला स्वतःच्या बाजूला ओढतं. म्हणजे कित्येक आठवडे माझा एक हात ही ओढ थोपवत होता, आणि एका हाताने चालवण्याच्या सवयीत मला ती कळलीच नव्हती. दोन पारडी सारखी झाल्यावर काटा कुठे झुकतो ते दिसलं. हवा भरली, ओढ गेली.

वळणांचंही बघितलं. नऊ-तीनवरून हात न उचलता चाक दोन्ही बाजूंना ९० अंश फिरवता येतं आणि हात एकमेकांवरून जात नाहीत. माझ्या गाडीत चाक १६ अंश फिरवलं की पुढची चाकं साधारण १ अंश वळतात. ९० अंशांत साडेपाचच्या वर. दोन आसांमधलं अंतर अडीच मीटर धरलं तर सुमारे २५ मीटर त्रिज्येचं वळण होतं. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर यापेक्षा आवळ वळण क्वचितच येतं. म्हणजे या रस्त्यावर पकड न बदलता जवळजवळ सगळं होतं, आणि चाक सरळ कधी झालं हे हातांनाच कळतं, बघावं लागत नाही. ही गोष्ट मला फार आवडली. डोळे पूर्णपणे रस्त्यावर राहतात.

९ फेब्रुवारी

शेजारचे काका पूर्वी मोठी वाहनं चालवत. त्यांना वही दाखवली. दहा-दोनचं पान वाचून ते म्हणाले, "आमच्या वेळी हात वर नसते तर चाक वळलंच नसतं, बेटा. दिवसभर चाललं की दंड भरून यायचे."

मग त्यांनी माझे हात चाकावर ठेवायला लावले आणि पहिली गोष्ट पाहिली ती अंगठे. "हे आत का गुंडाळलेस?"

"सवय आहे, काका. तुम्ही कसे ठेवता?"

त्यांनी दाखवलं: अंगठा रिमच्या वरून लांब पडलेला, आत अडकवलेला नाही. जुन्या गाड्यांत पुढचं चाक दगडावर किंवा खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग झटक्याने उलटं फिरे, आणि आत अडकलेला अंगठा स्पोकखाली सापडून मोडत असे. पॉवर स्टिअरिंगमध्ये हा झटका बराच मुरतो. पण अंगठा आत आवळला की पाठोपाठ अख्खा पंजा आवळला जातो, हे मी लगेच करून पाहिलं आणि ते खरं आहे. अंगठा सैल ठेवला की मनगटही सरळ राहतं.

१५ फेब्रुवारी

आठ-चार. या जागेबद्दल मला सगळ्यात जास्त आशा होती.

आराम निर्विवाद आहे. कोपरं शरीराजवळ येतात, खिडकीकडच्या दाराचा आर्मरेस्ट आणि मधला आर्मरेस्ट दोन्ही कोपरांखाली अलगद येतात, खांद्याला जवळजवळ काहीच काम उरत नाही. पंजे एअरबॅगच्या वाटेतून पूर्ण बाहेर. ताईने लिहिलं: "खांदे एकदाही सांगावे लागले नाहीत."

पण सरळ रस्ता संपून लांबट वळणांचा टप्पा आला तेव्हा मर्यादा दिसली. चाक एका बाजूला फिरवताना एक हात वर जातो, तो ठीक. दुसरा चारवरून सहाकडे खाली येतो आणि तिथे मांडी असते. चाक ४० अंशही फिरलं नव्हतं तेव्हा माझा पंजा मांडीला लागला. पुढे जायचं तर पकड सोडावी लागते. चाक थोडं वर घेऊन पाहिलं, तर वेगमापक रिमच्या आड गेला. म्हणजे आठ-चार ही मोकळ्या सरळ रस्त्यावरची बैठक. पुढे वळण, चढ, पूल, गर्दी किंवा जोराचं वारं दिसलं की हात आधीच नऊ-तीनवर सरकवायचे. सरकवायचं अंतर फक्त ९.७ सेंटीमीटर. हात रिमवरून उचलावाही लागत नाही.

परतताना असंच केलं. अर्धा तास आठ-चार, मग वळणांत नऊ-तीन, पुन्हा आठ-चार. आणि हा बदल हाच मोठा आराम ठरला. चांगल्या जागीही हात दीड तास तसेच ठेवले तर आखडतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी कोपराचा कोन थोडा बदलला की भार एका स्नायूवरून दुसऱ्यावर जातो.

२२ फेब्रुवारी

मुंग्यांचा छडा. आज मुद्दाम जुनी सवय: कोपर खिडकीच्या कडेवर, पंजा रिमच्या वरच्या भागावर. ताईला सांगितलं होतं, पहिली झिणझिणी आली की थांबायचं. ३८व्या मिनिटाला आली, आम्ही जागा बघून थांबलो.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो त्याच्या मागून अल्नर नावाची नस जाते. कोपर कुठे आपटलं की हातभर वीज चमकते, ती हीच. तिथे तिच्यावर मांसाची गादी जवळजवळ नसते. कडक कडेवर कोपर टेकवलं की ती दाबली जाते आणि कोपर जास्त वाकवलं की ताणली जाते. माझ्या सवयीत दोन्ही एकदम होत होतं. ही नस करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला जाते, म्हणून बधिरपणा नेमका तिथेच. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या आल्या असत्या तर संशय मनगटावर गेला असता, कारण तिकडची मीडियन ही नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते आणि मनगट मागे दुमडून ठेवलं की दाबली जाते.

माझ्या मुंग्या कोपर उचलल्यावर दोन-तीन मिनिटांत जातात. राहिल्या असत्या किंवा पकड ढिली वाटली असती, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच गेले असते.

टेकवायचंच असेल तर काय टेकवायचं, हेही कळलं. कोपराचं टोक नव्हे, त्याच्या पुढचा मांसल भाग, आणि तोही मऊ आर्मरेस्टवर. खिडकीची कड माझ्या उंचीला तशीही फार वर आहे. तिच्यावर कोपर ठेवलं की तो खांदा चढतो आणि पाठ एका बाजूला वाकते. मान धरायची ती यामुळेच.

२३ फेब्रुवारी

गाडी उभी, इंजिन बंद. ताई टाळी वाजवणार, मी असेन तिथून दोन्ही हात नऊ-तीनवर आणणार. फोनवर चित्रण केलं, सेकंदाला ३० चौकटी, नंतर चौकटी मोजल्या. टाळीपासून पूर्ण पकड येईपर्यंत:

आठ-चारवरून १० चौकटी. कोपर खिडकीवर आणि दुसरा हात गिअरवर, तिथून २२. दोन्ही हात मांडीवर, बोटं सहाला लागलेली, तिथून २४.

ताशी ९० किलोमीटरला गाडी सेकंदात २५ मीटर जाते. १० चौकटी म्हणजे ८ मीटर, २४ म्हणजे २० मीटर. आणि मला टाळी येणार हे माहीत होतं. रस्त्यावर टायर फुटताना कुणी सांगून फोडत नाही. या आकड्यांनंतर मी आरामाची व्याख्याच वहीत बदलली. ज्या जागेवरून हात लगेच कामाला लागत नाही, ती जागा यापुढे यादीत नाही, कितीही सुखाची असली तरी.

१ मार्च

पाऊस. प्रयोग नाही. पूर्ण वेळ नऊ-तीन, वेग कमी.

८ मार्च

आज ताईची गाडी. तिच्यात लेन सांभाळायला मदत करणारी यंत्रणा आहे, आणि तिने मला चक्रावून टाकलं. नऊ-तीनवर दोन्ही हात अगदी मनासारखे सैल होते, आणि समोर सूचना: हात चाकावर ठेवा. हात तर होतेच! पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा मी दचकून चाक आवळलं आणि महिन्याभराची कमाई एका क्षणात गेली.

थांबल्यावर दोघींनी गाडीची पुस्तिका उघडली. काही गाड्यांत रिममध्येच स्पर्श ओळखणारा थर असतो, नुसतं बोट लागलं तरी कळतं. ताईच्या गाडीत तसं नाही. तिथे स्टिअरिंगच्या दांड्यावर पडणारा पीळ मोजला जातो. मग माझ्या लक्षात आलं: माझे दोन्ही हात एकमेकांना इतके नीट तोलत होते की पीळ शून्य. गाडीला ते हात नसल्यासारखेच.

येताना एक हात दुसऱ्यापेक्षा किंचित जड सोडला, वजनकाट्यावर सोडला होता तसा. ओढायचं नाही, फक्त पडू द्यायचा. सूचना बंद. दहा मिनिटांनी दुसऱ्या हाताची पाळी. १९ जानेवारीचा तो १.२ न्यूटन-मीटर इथे कामाला आला, याचा मला खूप आनंद झाला.

१५ मार्च

पकडीचा जोर. हे आधीच बघायला हवं होतं.

ताईने आज फक्त बोटांची पेरं पाहिली. पांढरी पडली की "पेरं" असं म्हणायचं. सात वेळा म्हणाली. सातही वेळा कारण एकच: शेजारून मोठं वाहन, किंवा ते येणार अशी शंका. वाहन गेल्यावरही आवळलेली बोटं मिनिटभर तशीच राहत होती. सावध होताना आवळणं मी थांबवू शकत नाही, आणि थांबवावं असंही वाटत नाही. धोका टळल्यावर सोडायला मात्र शिकता येतं. वाहन पुढे गेलं की एक श्वास सोडायचा आणि त्याबरोबर बोटं. शेवटच्या अर्ध्या तासात ताई फक्त एकदा म्हणाली.

८५ ते ९५च्या वेगात रिममध्ये बारीक थरथर लागते. सैल हातांना ती आत्ता जाणवली, आधी आवळलेल्या पंजात मुरत होती. पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग करून घेणार.

२२ मार्च

बॅलन्सिंग झालं, थरथर गेली.

पहिल्या दिवसाचा तोच रस्ता, तीच वेळ, तशाच १८ नोंदी. ताईला सांगितलं, आज मला काही आठवण करायची नाही. नऊ-तीन ८ वेळा, आठ-चार ७, एक हात क्षणभर इतर कामात २, कोपर खिडकीवर १. ते एकदाचं ७०व्या मिनिटाला, आणि मी ते स्वतःच काढलं. मुंग्या नाहीत. मान थोडी जड, पण धरलेली नाही. सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असं ताईने विचारलं, तर मी सीटचं नाव घेतलं. १ फेब्रुवारी झाला नसता तर बाकी कुठलीही जागा मला टिकवता आली नसती.

२९ मार्च

टिकल्या काढल्या. आता ताईची पाळी, ती चालवणार आणि मी वही धरणार. ती माझ्यापेक्षा सहा इंच उंच आहे आणि तिच्या गाडीत चाक फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे नाही. मनगटाच्या चाचणीत तिची बोटंच रिमच्या माथ्यावर टेकली, म्हणजे चाक लांब. सीट पुढे घेतली तर गुडघे डॅशबोर्डला लागतात. आज सीटची पाठ दोन खाचा उभी करून पाहिली, तळहाताच्या मध्यापर्यंत पोचलं. अजून एक खाच आणि सीट थोडी वर, हे पुढच्या शनिवारी.